कुणाच्या वीस नोंदी, कुणाची एकच: कमी-जास्त लांबीचे अ‍ॅरे एका मॅट्रिक्समध्ये भरताना

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं काम माझ्याकडे आलं ते दाजींमुळे. संस्थेची बिलं संगणकावर निघत होतीच, पण सचिवांना एक तक्ता हवा होता. प्रत्येक सभासद एका ओळीत, आणि दहा दिवसांतलं सकाळ-संध्याकाळचं दूध त्याच्यापुढे रांगेनं. कुणाचं दूध कधी घटलं ते एका नजरेत दिसावं, एवढीच मागणी. "संध्याकाळपर्यंत देतो," असं म्हणून मी मोकळा झालो. त्या संध्याकाळला चार दिवस लागले.

अडचण सभासदांच्या गोठ्यातली. ज्याच्याकडे दोन म्हशी दुभत्या आहेत तो दहा दिवसांत वीस वेळा दूध घालतो. ज्याची म्हैस भाकड व्हायला आलीय तो फक्त सकाळी येतो, त्याच्या दहा नोंदी. कुणाकडे पाहुणे आले, दूध घरीच राहिलं, सतरा. कुणाची म्हैस नुकतीच व्यायलेली, चीक संपेपर्यंत डेअरीला दूध नाही, म्हणून नऊ. आणि एका आक्कांची तर एकच नोंद. प्रत्येकाचा अ‍ॅरे वेगळ्या लांबीचा (अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची रांग), आणि मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-कॉलमांची चौकट, म्हटलं की सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात.

हाच प्रश्न विद्यार्थ्यांच्या गुणांना येतो, सेन्सरच्या रीडिंगला येतो, वाक्यांतल्या शब्दांना येतो. मी दुधावरच सांगतो, कारण चुका मी तिथे केल्या. खाली दिलेला कोड पायथन आणि त्यातल्या नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या वळणाचा आहे, पण शब्द मराठीत ठेवलेत. कीबोर्डवर बसलात की आपापल्या भाषेत उतरवून घ्या. मोजणी शून्यापासून आहे आणि "०:४" म्हणजे ० ते ३, चौथा धरायचा नाही, हे लक्षात असू द्या.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या

पाचवा कॉलम (इथे साध्या मोजणीनं, एकपासून) म्हणजे काय?

दोन उत्तरं संभवतात. एक, "त्या सभासदाची पाचवी नोंद", मग ती कुठल्याही दिवसाची असो. दुसरं, "तिसऱ्या दिवशीची सकाळ". पहिलं उत्तर असेल तर ओळ डावीकडून भरत जायची आणि उरलेल्या जागा शेवटी रिकाम्या सोडायच्या. दुसरं असेल तर प्रत्येक आकडा त्याच्या ठरलेल्या खणातच बसला पाहिजे आणि रिकामी जागा मधेही येऊ शकते. कोड शिकवणारे बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच पहिल्या पद्धतीला हात घालतात. मीही तेच केलं होतं. सचिवांना हवं होतं दुसरं.

तरी सुरुवात पहिल्या पद्धतीपासूनच करू, कारण यंत्रणा दोन्हीकडे तीच.

चौकट आधी, माल नंतर

चार सभासद घेऊ, वीसाऐवजी चारच वेळा. हाताने पडताळता येईल एवढं लहान उदाहरण असलेलं बरं.

ओळी = [ [५.२, ५.०, ४.८, ५.१],
        [३.५, ३.४],
        [४.५],
        [] ]

ही यादी थेट नम्पायच्या अ‍ॅरेत टाकली तर काय होतं ते आवृत्तीवर अवलंबून आहे. जुन्या आवृत्त्या गुपचूप "ऑब्जेक्ट" जातीचा अ‍ॅरे बनवून द्यायच्या. म्हणजे दिसायला अ‍ॅरे, आत चार सुट्या याद्या. बेरीज करायला गेलात की आकडे मिळण्याऐवजी याद्या एकमेकींना जोडल्या जायच्या. २०२० च्या १.१९ आवृत्तीपासून त्यावर इशारा यायला लागला आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ पासून सरळ व्हॅल्यू एरर येते. जुन्या मशिनवर चालणारा कोड नव्या लॅपटॉपवर अचानक बोंबलला तर आधी इथे बघा. माझ्या मते ही एरर म्हणजे उपकारच आहे.

तर मॅट्रिक्स आपणच बांधायचं. प्रत्येक ओळीची लांबी मोजा, त्यातली सर्वांत मोठी ती रुंदी, तेवढ्या मापाची रिकामी चौकट तयार करा, आणि मग ओळीमागून ओळ भरा.

लांब्या = [लांबी(ओळ), प्रत्येक ओळीसाठी]      # [४, २, १, ०]
रुंदी = कमाल(लांब्या)                         # ४
तक्ता = फुल((४, रुंदी), नॅन)                 # सगळ्या खणांत नॅन, म्हणजे "आकडा नाही" ही खूण

प्रत्येक (क्र, ओळ) साठी:
    न = लांबी(ओळ)
    तक्ता[क्र, ०:न] = ओळ

दुसरी ओळ घेऊन बघा. क्र १, न २. डावीकडे तक्ता[१, ०:२] म्हणजे दोन खण, उजवीकडे ३.५ आणि ३.४ असे दोन आकडे. जुळलं. उरलेल्या दोन खणांना कुणी हात लावला नाही, तिथे चौकट बनवताना घातलेलं नॅन तसंच राहिलं. चौथ्या ओळीत न शून्य, म्हणजे शून्य खणांत शून्य आकडे. त्यावर एरर येत नाही, वेगळा "जर" लिहायची गरज नाही. मात्र सभासदांची यादीच रिकामी असेल तर कमाल काढताना कोड पडेल. सुट्टीच्या दिवशी कोरी फाइल आली की हे घडतं.

लूप लागला म्हणून लाजू नका. पाचशे-हजार सभासदांना हा लूप डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

आक्कांचे नव्वद लिटर

वरच्या कोडमध्ये "०:न" आहे ना, तो मी पहिल्यांदा लिहिला नव्हता. मी लिहिलं होतं तक्ता[क्र] = ओळ. कमी लांबीच्या ओळीवर नम्पाय एरर देणार, हे मला माहीत होतं. दिलीही. मग मी घाईत एक जुगाड केला: एरर आली तरच स्लाइस, म्हणजे "०:न" हा तुकडा, वापरायचा, नाहीतर सरळ भरायचं.

सगळं भरलं, एकही एरर नाही. तक्ता छापून सचिवांना दिला. त्यांनी चष्मा वर केला, बोट एका ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्या आक्कांच्यात एकच म्हस हाय, ती बी आटल्याली. दहा दिसांत नव्वद लिटर कुठनं आणलं त्यांनी?"

झालं होतं असं. आक्कांनी दहा दिवसांत एकदाच साडेचार लिटर दूध घातलं होतं. एकाच आकड्याचा अ‍ॅरे पूर्ण ओळीत टाकला की नम्पाय त्याला तक्रार समजत नाही. "एकच आकडा दिलाय, म्हणजे सगळीकडे हाच हवा असणार," असं धरून तो वीसच्या वीस खणांत छापतो. या वागण्याला ब्रॉडकास्टिंग म्हणतात आणि एरवी ते फार कामाचं आहे. इथे मात्र साडेचार गुणिले वीस, नव्वद लिटर. दोन नोंदी असत्या तर एरर आली असती, सतरा असत्या तरी आली असती. फक्त एकाच नोंदीला ती येत नाही. म्हणून स्लाइस प्रत्येक वेळी लिहायचा, "गरज पडली तर" नाही.

असाच चकवा "रिसाइझ" देतो. नम्पायमध्ये या नावाच्या दोन गोष्टी आहेत. स्वतंत्र फंक्शन म्हणून बोलावलं तर लांबी वाढवताना जुनेच आकडे पुन्हा पहिल्यापासून गिरवतं. अ‍ॅरेवरची मेथड म्हणून बोलावलं तर वाढीव जागेत शून्य घालते. नाव एक, वागणं दोन. मी दोन्हीच्या वाटेला जात नाही.

रिकाम्या खणात काय ठेवायचं

शून्य ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. पण "शून्य लिटर दूध" आणि "दूध घातलंच नाही" या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या सभासदाची सरासरी काढा. ३.५ आणि ३.४ ची सरासरी ३.४५. दोन शून्यं मिसळून चारने भागलंत तर १.७२५. बेरजेला शून्य चालतं, सरासरीला आणि किमानाला नाही. एक्सेलवाल्यांना हे अनुभवानं माहीत असतं, कारण तिथलं अ‍ॅव्हरेज रिकामा खण सोडून देतं पण शून्य मोजतं.

उणे एक ठेवणारेही आहेत. "दूध उणे असूच शकत नाही, त्यामुळे ओळखू येईल," हा त्यांचा हिशोब. ओळखू येतं, पण माणसाला. संगणक निवांत बेरीज करतो आणि ६.९ चे ४.९ होतात.

माझं मत नॅनच्या बाजूनं. नॅन म्हणजे "हा आकडाच नाही" असं सांगणारी खूण, दशांश संख्यांच्या आयईईई ७५४ या मानकातच ती आहे. त्यात बेरीज केली की उत्तरही नॅनच येतं, म्हणजे चूक लपत नाही. रिकामे खण सोडून हिशोब हवा असेल तर नॅनसम, नॅनमीन ही वेगळी फंक्शन्स आहेत. दोन बारकावे ध्यानात ठेवा. नॅन स्वतःशीही बरोबर नसतो, त्यामुळे "खण == नॅन" हे नेहमी खोटंच येणार. तपासायला "इझनॅन" वापरा. आणि पूर्ण रिकाम्या ओळीवर नॅनसम शून्य देतं, नॅनमीन मात्र इशारा देऊन नॅन परत करतं. आपल्या चौथ्या सभासदाचं हेच होईल.

नॅनची एक अट आहे. तो दशांश अ‍ॅरेतच राहतो, पूर्णांकाच्या अ‍ॅरेत त्याला जागा नाही. तिथल्या खणात नॅन ठेवायला गेलात तर एरर येते, तेवढं ठीक. उलट प्रकार जास्त वाईट. चौकट चुकून पूर्णांकाची बनली, उदाहरणार्थ दुसऱ्या एखाद्या पूर्णांकी अ‍ॅरेच्या मापावरून "झिरोज लाइक"ने बनवली, आणि तिच्यात ४.८ भरले, तर ४ राहतात. पॉइंट आठ लिटर गेलं, आणि नम्पाय एका शब्दानं बोलत नाही. दूध घालणारा मात्र बोलतो, आणि काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौकट बनवतानाच जात स्पष्ट लिहून टाका.

नम्पाय न वापरता साध्या पायथन याद्यांची चौकट करणाऱ्यांसाठी एक ओळ: [[०] * ४] * ३ असं लिहू नका. त्यात तीन ओळी तयार होत नाहीत, एकाच ओळीला तीन नावं मिळतात. एकीत भरलं की तिन्हीत दिसतं.

लूप न लावता: मास्कची पद्धत

नोंदी लाखांत असतील तर ही पद्धत वेगवान आहे, आणि खरं सांगायचं तर बघायला देखणीही. आधी कुठल्या खणात माल येणार आणि कुठल्या नाही याचा होय-नाहीचा नकाशा बनवायचा. नियम एका वाक्याचा: कॉलमचा क्रमांक त्या ओळीच्या लांबीपेक्षा लहान असेल तर होय.

कॉलम = [०, १, २, ३]
मास्क = कॉलम < लांब्या(उभ्या मांडलेल्या)

         ०     १     २     ३
४  →   होय   होय   होय   होय
२  →   होय   होय   नाही   नाही
१  →   होय   नाही   नाही   नाही
०  →   नाही   नाही   नाही   नाही

तक्ता[मास्क] = कॉन्कॅटिनेट(ओळी)

लांब्या उभ्या मांडायच्या म्हणजे चार ओळी आणि एक कॉलम असा आकार द्यायचा. मग आडवे चार आणि उभे चार यांची तुलना होऊन चार बाय चारचा नकाशा निघतो. म्हणजे ज्या ब्रॉडकास्टिंगनं आक्कांना नव्वद लिटर दिले, तेच इथे आपल्या बाजूनं राबतं.

शेवटच्या ओळीत सगळ्या याद्या एकापुढे एक जोडून सात आकड्यांची लांब माळ होते आणि नकाशातल्या सात "होय"मध्ये ती क्रमानं ओवली जाते. क्रम चुकत नाही, कारण नम्पाय मास्क वाचताना पहिली ओळ डावीकडून उजवीकडे संपवतो आणि मग दुसऱ्या ओळीवर येतो. होय सात आणि आकडे सहा, असं असेल तर एरर येते. अपवाद पुन्हा तोच: माळेत एकच आकडा असेल तर तो सगळ्या "होय"मध्ये पसरतो.

साध्या पायथनमध्ये "झिप लाँगेस्ट" हे फंक्शन आहे, तेही कमी पडलेल्या जागा भरून देतं. भरायला काय वापरायचं ते सांगितलं नाही तर नन, म्हणजे पायथनची "काहीच नाही" ही खूण, वापरतं. ते कॉलमवार देतं, म्हणजे तक्ता आडवा पडलेला मिळतो, तो पुन्हा उभा करावा लागतो.

आता खरं काम: तारखेच्या खणात आकडा

आक्कांची चूक सुधारून तक्ता पुन्हा नेला. सचिवांनी दुसरी ओळ धरली. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेल्या एका सभासदानं मधले दोन दिवस दूध घातलं नव्हतं. माझ्या तक्त्यात त्याची ओळ डावीकडून सलग भरलेली, फक्त शेवटचे चार खण रिकामे. म्हणजे तो शेवटचे दोन दिवस आला नाही असं दिसत होतं. यात्रेनंतरचं सगळं दूध दोन दिवस अलीकडे सरकलं होतं. बेरीज बरोबर, सरासरी बरोबर, आणि तक्ता खोटा. या चुकीला कुठलीही एरर येत नाही.

म्हणून आता लांबी विसरा. प्रत्येक नोंदीबरोबर तिचा पत्ता येऊ द्या: सभासदाचा कोड, तारीख, वेळ, लिटर. खण शोधायचा तो असा:

कॉलम = (तारीख − पहिली तारीख) × २ + वेळ      # सकाळ ०, संध्याकाळ १
तक्ता[ओळक्रमांक[कोड], कॉलम] = लिटर

११ ते २० च्या बिलात १४ तारखेची संध्याकाळ म्हणजे (१४ − ११) × २ + १ = ७, शून्यापासून मोजून सातवा खण. नोंदी कुठल्याही क्रमानं आल्या तरी फरक पडत नाही.

ओळक्रमांक ही एक छोटी डिक्शनरी, कोड दिला की ओळ सांगणारी. ती सभासदांच्या पूर्ण यादीवरून बनवा, नोंदींच्या फाइलवरून नको. नाहीतर दहा दिवसांत एकदाही दूध न घातलेला सभासद तक्त्यातूनच गायब होतो, आणि सचिवांना नेमका तोच बघायचा असतो. कोड मजकूर म्हणून वाचा. आकडा म्हणून वाचलात तर ००७ चा ७ होतो आणि कोड जुळत नाही.

रुंदीही आता सर्वांत लांब ओळीवरून काढायची नाही, कॅलेंडरवरून काढायची. आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांचं म्हणतात खरं, पण १ ते १० आणि ११ ते २० झाल्यावर तिसरं बिल २१ पासून महिनाअखेरपर्यंत असतं. ३१ चा महिना असेल तर ते अकरा दिवसांचं, बावीस खण. ३० चा असेल तर वीस. फेब्रुवारीत आठ दिवस, सोळा खण, आणि लीप वर्षात अठरा. मी पहिल्यांदा २० हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवला होता. कॅलेंडर ३१ च्या महिन्यापर्यंत पोचलं की तो फुटणारच होता.

एकाच खणात दोन आकडे

पत्त्यावर भरायला लागलात की नवीन प्रश्न येतो. सकाळी सून एक किटली घेऊन आली, अर्ध्या तासानं सासरे दुसरी घेऊन आले. कोड तोच, तारीख तीच, वेळ सकाळ. पहिले ३ लिटर, नंतरचे ५. वरच्या कोडमध्ये दुसरी नोंद पहिलीवर चढते आणि तक्त्यात ५ राहतात. पाहिजेत ८.

मग नॅनच्या चौकटीत बेरीज करत जावं म्हटलं तर तेही जमत नाही, कारण नॅन अधिक ३ म्हणजे नॅन. यावर माझा उपाय दोन तक्त्यांचा. एक बेरजेचा, शून्यांनी भरलेला. दुसरा मोजणीचा, तोही शून्यांनी भरलेला. प्रत्येक नोंदीला पहिल्यात लिटर मिळवायचे, दुसऱ्यात एक. सगळं झालं की जिथे मोजणी शून्य तिथे बेरजेच्या तक्त्यात नॅन ठेवायचा.

लूपमध्ये हे बिनधास्त चालतं. पण लूप टाळून नम्पायला सगळे पत्ते एकदम देऊन "+=" केलंत तर सावध. एकाच पत्त्यावर दोन नोंदी असतील तर तो दोन्ही मिळवत नाही, एकच मिळवतो. त्यासाठी "अ‍ॅड डॉट अ‍ॅट" वापरावं लागतं, ते प्रत्येक नोंद मोजतं.

पांडाज ही पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे सगळं एका ओळीत मिळतं, पण तिथेही एक खाच आहे. "पिव्हट"ला एका खणासाठी दोन नोंदी दिसल्या की तो एरर देऊन थांबतो. मग आपण इकडेतिकडे बघून "पिव्हट टेबल" लावतो आणि एरर जाते. का जाते? कारण ते काही न सांगता सरासरी काढतं. सुनेचे ३, सासऱ्यांचे ५, तक्त्यात ४. दोन किटल्या आणल्या आणि दूध घटलं! बेरीज हवी असेल तर तसं स्पष्ट सांगायला लागतं.

गाईचं आणि म्हशीचं दूध मात्र एकत्र करू नका. दर वेगळा, फॅट वेगळं, तक्तेही वेगळे ठेवा.

दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांसाठी

मॅटलॅबमध्ये कमी-जास्त लांबीच्या ओळी चौकटी कंसात एकाखाली एक ठेवल्या तर एरर येते. पण आधीच्या मॅट्रिक्सच्या बाहेरच्या खणात आकडा ठेवलात तर ते स्वतःहून वाढतं आणि मधल्या जागा शून्यांनी भरतं. म्हणून तिथेही आधी नॅनची चौकट बांधा. जावात दोन मितींचा अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेंचा अ‍ॅरेच, ओळी कमी-जास्त लांबीच्या असल्या तरी त्याची हरकत नसते. पांडाजला याद्यांची यादी दिली तर ते शेवटी रिकाम्या जागा सोडून देतं, डिक्शनरीत कमी-जास्त लांबीच्या याद्या दिल्या तर अडतं. वाक्यांवर काम करणाऱ्यांनी मशीन लर्निंगच्या दोन लायब्रऱ्यांतलं, कीरासचं "पॅड सिक्वेन्सेस" आणि पायटॉर्चचं "पॅड सिक्वेन्स" एकच समजू नये. पहिलं न सांगता पुढच्या बाजूला भर घालतं, दुसरं मागच्या.

सीबद्दल थोडं थांबून सांगतो. तिथे मॅट्रिक्स म्हणजे मेमरीतली एक सलग पट्टी, ओळीला ओळ चिकटलेली. मेमकॉपी या फंक्शननं ओळ उतरवताना लांबी बाइटमध्ये द्यायची असते, आकड्यांच्या संख्येत नाही. तिला साइझऑफनं (एक आकडा किती बाइटचा ते) गुणायचं विसरलं की डबल जातीच्या, म्हणजे आठ बाइटी, वीस आकड्यांपैकी अडीचच उतरतात. हे लगेच दिसतं. न दिसणारी चूक वेगळी. रुंदी २० आहे आणि एका सभासदाच्या २२ नोंदी निघाल्या. जादाचे दोन आकडे पुढच्या सभासदाच्या पहिल्या दोन खणांत सांडतात. एरर नाही. पुढच्या फेरीत त्या सभासदाची स्वतःची ओळ भरली जाते आणि सांडलेलं झाकलं जातं. म्हणजे महिनोन्महिने सगळं बरोबर दिसतं, आणि ज्या दिवशी पुढचा सभासद गैरहजर असतो त्या दिवशी त्याच्या नावावर शेजाऱ्याचं दूध जमा होतं. कॉपी करण्याआधी लांबी रुंदीपेक्षा जास्त नाही ना, हे सीमध्ये आपणच तपासायचं. नम्पायमध्ये स्लाइस रुंदीपाशी थांबतो आणि माप न जुळल्यानं एरर येते.

मॅट्रिक्स करूच नये, असंही असतं

हजार ओळी, त्यातली एक दहा हजार आकड्यांची आणि बाकीच्या दहा-दहाच्या. चौकट झाली एक कोटी खणांची, प्रत्येकी आठ बाइट, आठ कोटी बाइट. त्यात खरे आकडे वीस हजारसुद्धा नाहीत. अशा वेळी सगळे आकडे एका सलग माळेत ठेवा आणि सोबत कुठली ओळ कुठे सुरू होते त्याची यादी ठेवा.

माळ   = [५.२, ५.०, ४.८, ५.१, ३.५, ३.४, ४.५]
सुरुवात = [०, ४, ६, ७, ७]

दुसरा सभासद म्हणजे माळ[४:६]. चौथा माळ[७:७], म्हणजे रिकामा. सुरुवातीची यादी लांब्यांची चढती बेरीज करून मिळते. ओळवार बेरजांसाठी लोक नम्पायचं "रिड्यूस अ‍ॅट" सुचवतात. ते रिकाम्या ओळीला शून्य देत नाही, पुढच्या सभासदाचा पहिला आकडा उचलून देतं, आणि शेवटचीच ओळ रिकामी असेल तर एरर देतं. त्यापेक्षा प्रत्येक आकड्यापुढे त्याचा ओळक्रमांक लिहून "बिनकाउंट"ला वजन म्हणून लिटर द्या आणि किमान लांबी सभासदसंख्येएवढी सांगा. रिकाम्यांना शून्य मिळतं.

हातातून सोडण्याआधी

मी आता तीन गोष्टी तपासल्याशिवाय तक्ता कुणाला दाखवत नाही. तक्त्यातल्या नॅन नसलेल्या खणांची संख्या मूळ नोंदींएवढी आहे का? आपल्या उदाहरणात ७. एका खणात दोन किटल्या जमा होत असतील तर इथे मोजणीच्या तक्त्याची बेरीज घ्यायची. मग एकूण लिटर: मूळ फाइलमध्ये ३१.५, तक्त्याच्या नॅनसममध्येही ३१.५ हवेत. दशांश संख्या आहेत, त्यामुळे "==" न लावता फरक अगदी बारीक आहे ना एवढंच बघा. आक्कांची चूक लहान उदाहरणात घडवली तर एकूण ४५ येतात, म्हणजे एवढ्या एका तपासणीत ती पकडली गेली असती.

यात्रेची चूक मात्र या दोन्हीत सापडत नाही, कारण संख्याही जुळते आणि बेरीजही. तिच्यासाठी मधेच खाडा असलेला एक सभासद मुद्दाम निवडायचा आणि त्याची ओळ मूळ नोंदींशेजारी ठेवून बोटानं वाचायची. मी सचिवांनाच सांगितलं, एखादा निवडा. त्यांनी स्वतःचा कोड दिला. बारा तारखेच्या संध्याकाळी खण रिकामा होता. "बराबर हाय," ते म्हणाले, "त्या दिशी वासरानं पिलं सगळं."